मागचं इंजिन

दहिवली, कर्जत
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

प्रिय हर्षला,

तुझं दिवाळीतलं पत्र पोचलं. फोन कायम हाताशी असणाऱ्या पोरीनं कागद-पेन घेतलं तेव्हाच मी ओळखलं, की हिला काहीतरी असं सांगायचंय ज्यात मी मध्ये बोललेलं हिला नको आहे. म्हणून मीही कागदच घेतला. आता मध्ये बोलायची सोय तुलाही नाही. एवढ्या वर्षांत सासूपण गाजवायची संधी तू मला कधी दिली नाहीस, ती आज मी घेणार आहे. चहा घेऊन बस.

तू लिहितेस की बाबा गेले, आई एकटी पडली, तेव्हा डिसेंबरअखेर बंदरातली नोकरी सोडते आणि कायमची कर्जतला येते. नोटीस द्यायच्या आधी तुला माझा होकार हवा आहे. खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मनात होकार देऊनच टाकला होता. तुझी खोली झाडली, तुझी गोधडी उन्हात टाकली, आणि पुतळाबाई वालाचं बी मागायला आली तर तिलाही सांगून मोकळी झाले. आपलं कोंडाणे गावातलं शेत अर्धेलीनं करण्यात तिची हयात गेली, तुझ्यावर हक्क सांगायला तिला माझी परवानगी लागत नाही. ती म्हणाली, "येऊ द्या पोरीला. माणूस नाय तर घर खायाला उठतं." ती गेल्यावर मी पत्र पुन्हा वाचलं आणि शेवटच्या ओळीपाशी अडखळले. "तसंही आई, इथं माझं असं काही नाही." ही ओळ मला पटली नाही, हर्षला. मी निवृत्त झाले तरी मास्तरीण आहे. मुलगी शिकलेला धडा विसरली की खोटं बोलतेय, हे मला वहीत न बघताही कळतं. तेव्हा होकार-नकार नंतर. आधी उजळणी.

तुला नोकरी कुठं लागली हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. उभ्या नोकरीत मी पोरांना सव्हाना म्हणजे आफ्रिकेतला गवताळ प्रदेश, जिराफ आणि झेब्रे, एवढंच शिकवलं. त्या नावाचं अमेरिकेत एक बंदर आहे हे माझ्या सुनेनं मला शिकवलं. मग रविवारमागून रविवार तू फोनवर ते शहर मला गल्लीगल्लीनं दाखवलंस. समुद्रापासून बरंच आत, नदीच्या उंच काठावर वसवलेलं. दर दोन-चार गल्ल्यांआड एक चौक, चौकात बाग, बागेत ओकची म्हातारी झाडं आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा. नदीकाठच्या उतारावर दगड बसवलेत, ते कुठून आले तेही तू सांगितलंस. कापूस न्यायला येणारी जहाजं रिकामी डोलू नयेत म्हणून युरोपातून पोटात दगड भरून यायची, आणि कापूस चढवताना दगड काठावर टाकून जायची. बाबा म्हणाले होते, "आपला टेंपोवाला परतीला इटा घालून आनतो, तसंच की." तू एवढी हसलीस की तुझा फोन पडला. ज्या गावात आपलं काही नसतं, त्या गावच्या दगडांची चौकशी कुणी करत नाही गं.

आणि भात. तो रविवार मी विसरणार नाही. त्या नदीच्या दलदलीत दीड-दोनशे वर्षांपूर्वी मैलोनमैल भात होत होतं, बांध घालून, दारं बसवून, भरतीच्या पाण्यावर. भाताची ती विद्या मालकांची नव्हती, आफ्रिकेतून बांधून आणलेल्या माणसांची होती, आणि राबणंही त्यांचंच होतं. तू ते जुने बांध बघून आली होतीस. आता तिथं नुसतं गवत आणि सुसरी. पुतळाबाई माझ्या शेजारी वाल सोलत होती, तिनं विचारलं, "आन त्यांना त्या भातातलं काय मिळायचं?" तू म्हणालीस, तिथं आपसात लढाई झाली, ते सुटले, प्रत्येक घराला चाळीस एकर जमीन देतो म्हणून सरकारनं सांगितलं, काहींना दिलीही, आणि वर्षाच्या आत काढून घेतली. पुतळाबाई सोलायची थांबली. "म्हंजी कूळकायदा आला नि गेला?" म्हणाली. तिच्या सासऱ्याचा सात-बारा कसा झाला ते तिला ठाऊक आहे ना. तेव्हापासून ती तुझ्या सव्हानाला आपलं गाव समजते. पाऊस लांबला की विचारते, "तितं पडला का?" त्या दिवशी तुझ्या तोंडी एक नाव पहिल्यांदा आलं होतं. बांध दाखवायला तुझ्याबरोबर यार्डातला एक इंजिनचालक आला होता, सायलस नावाचा. त्याची खापरपणजी त्याच चिखलात उभी राहिलेली. मी नाव ऐकलं आणि पुढं गेले. तेव्हा त्यात थांबण्यासारखं काही नव्हतं.

कापूस आगगाडीनं बंदरात आला आणि शहर श्रीमंत झालं, मग किडीनं कापूस खाल्ला आणि शहर झोपलं, मग कंटेनर आले आणि ते पुन्हा जागं झालं, हा तुझा इतिहास मला आता तोंडपाठ आहे. चहाच्या टपरीसमोरून इमारतीएवढं जहाज सरकतं आणि कुणी मानसुद्धा वर करत नाही. जहाजं मोठी झाली म्हणून नदीचा तळ खोल खणला, आता पूल ठेंगणा पडतो म्हणून तो उचलायचं चाललंय. लांबच लांब मालगाड्यांपायी फाटकात गाड्या तुंबायच्या, म्हणून बंदरातच नवीन यार्ड केलं, आणि त्या यार्डात कुठली गाडी कधी जोडायची ते माझी सून ठरवते. गावाबाहेरची पाइनची राई तोडून गोदामं उभी राहतात म्हणून तू हळहळलीस. मी म्हटलं, इकडे ये, चौक गावापासून खोपोलीपर्यंत बघ. जिथं बांधावर उभं राहून लोक भाताचा अंदाज घ्यायचे तिथं निळ्या पत्र्याची शेड आणि उरणहून आलेल्या ट्रेलरची रांग. पण त्याच शेडीत आपल्या गावच्या पोरांना काम मिळालं, हेही खरं. लोधिवलीच्या कंटेनर यार्डात माझ्या योगेंद्रला मिळालं, तुला मिळालं, आणि मला सून मिळाली.

त्या हायवेवर जे झालं ते आपण दोघी लिहीत नाही, आजही नको. सहा वर्षं झाली. एवढंच सांगते की त्यानंतर तू पुन्हा त्याच कंटेनरच्या डब्यांचं शिक्षण घ्यायचं म्हणालीस तेव्हा मला तुझा राग आला होता. ज्यानं माझा मुलगा नेला त्याचं नाव या घरात नको होतं. बाबांनी मला ओट्यावर बसवलं. म्हणाले, "उज्वला, पोर घाटाच्या तोंडाशी उभी हाय. चढ मोठा हाय. आता मागनं लावायचं का नाय, तेवढं बोल."

बँकर इंजिनवाल्या माणसाला दुसरी भाषा कुठली येणार. हयात त्यांनी मागच्या इंजिनात काढली. पुण्याकडची गाडी कर्जतला थांबायची, पाठीमागे यांची इंजिनं लागायची, आणि घाटभर ढकलत लोणावळ्याला पोचवायची. प्रवासी खिडकीतून धबधबे बघायचे, मागे कोण ढकलतंय त्याचा त्यांना पत्ता नसायचा. लोणावळ्याला इंजिन सुटायचं, गाडी पुण्याला, आणि हे उलटे कर्जतला, पुढच्या गाडीसाठी. लग्न झाल्यावर मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला कधी वाटत नाही का हो, त्याच गाडीबरोबर पुढं जावं? ते माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. "घाट संपल्यावर मागचं इंजिन ठेवलं तर ते वझं होतं गं गाडीला. तितं सोडायचंच असतं." तर त्यांनी मागून लावलं, मग मीही लावलं. व्हिसाच्या रांगेत ते तुझ्याबरोबर उभे राहिले आणि विमानतळावर तुझी बॅग तपासणाऱ्या माणसाला त्यांनी उगाच सलाम केला.

आता त्या पुतळ्याबद्दल. नदीकाठी एका मुलीचा पुतळा आहे, हात उंचावून रुमाल हलवणारी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला तिनं म्हणे चाळीसच्या वर वर्षं हात हलवला, दिवसा रुमाल, रात्री कंदील. लोक म्हणतात कुणा खलाशाची वाट बघत होती, ती स्वतः म्हणायची तसं काही नाही. तू तो फोटो भरल्या डोळ्यांनी पाठवला होतास आणि मी "छान" लिहिलं होतं. छान-बिन काही वाटलं नव्हतं मला. मला त्या बाईची चीड आली. इतकी जहाजं दारावरून गेली आणि एकातही पाय ठेवला नाहीस? मला भीती वाटली ती तुझ्यासाठी. योगेंद्र परत येणार नाही हे तुला ठाऊक आहे, तरी तू काठावरच उभी राहशील, आणि लोक म्हणतील, बघा किती निष्ठा. आता तू लिहितेस की परत येतेस, तेव्हा दुसरीच भीती वाटते. आपण दोघी या दहिवलीच्या ओट्यावर बसणार, मी तुझ्यासाठी आणि तू माझ्यासाठी, आणि समोरून गाड्या जाणार.

म्हणशील, आई उगाच अर्थ काढते. बरं, मग मला सांग. नदी ओलांडायला तिथं फुकट होडी आहे, तिच्यातला तुझा फोटो माझ्या फोनवर आहे. केस उडतायत, तू कुणाकडे तरी बघून मनापासून हसते आहेस, आणि दोन्ही हात रिकामे आहेत. फोटो कुणी काढला? दोन वर्षं प्रत्येक रविवारी "सायलस म्हणतो" ऐकलं. सायलस म्हणतो पूल असा आहे, सायलसची आई तांदळात चवळी घालते, सायलसनं कालवं भाजली, अगदी आपल्या मुरूडकडच्यासारखी. श्रावणात बाबा गेले, तू आलीस, पंधरा दिवस राहून परत गेलीस, आणि त्यानंतर ते नाव एकदाही आलं नाही. एखाद्या माणसाशी भांडण झालं तर बाई त्याला नावं ठेवते. नाव घ्यायचंच बंद करते ते वेगळ्याच कारणानं. मीही कधीकाळी बावीस वर्षांची होते, आणि बँकर इंजिनाबद्दल घरात बोलायचं अचानक बंद केलं होतं.

आणि पोपटी! इथंच तू फसलीस, बाई माझे. गेल्या माघात तुझा आडवारी फोन आला, "आई, भांबुर्ड्याचा पाला मिळत नसेल तर पोपटीला काय घालायचं?" मी म्हटलं केळीचं पान घाल, ओवा सढळ घाल. फोन ठेवला आणि मी हातातली विळी बाजूला ठेवून बसले. तुझं तर ठरलेलं, "एकटीसाठी काय करायचं आई, वरणभात खाते आणि झोपते." अगं, वरणभात एकटीचा होतो. पोपटी एकटीची कुणी कधी लावली आहे का, या रायगडात तरी? वालाच्या शेंगांनी मडकं भरायला एक लागतं, उपडं करायला दुसरं, जाळ घालायला तिसरं, आणि एक लागतं नुसतं भोवती फिरून "झाली का, शेंगा शिजल्या का" असं सारखं विचारून डोकं खायला. आपल्याकडे ते काम कायम बाबांचं होतं. हा प्रश्न मुंबईच्या सासूला विचारला असतास तर तिला काही कळलं नसतं. मी खालापूरची लेक आणि कर्जतची सून आहे.

माझी काळजी तू करतेस, ती करू नको म्हणणार नाही, ती मला आवडते. मला तू रोज हवी असतेस. संध्याकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. पण मी पडून नाही. पुतळाबाईच्या डोक्यात खूळ शिरलं, की कोंडाण्याच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी बंगलेवाले येतात, लेणी बघायला येणारे येतात, त्यांना पोपटी करून घालायची. ती म्हणाली, "मी मडकी लावते, बाई, तुमी बोला. तुमची जीभ चांगली हाय." तेव्हा यंदा वाल जास्त पेरलाय, आपल्या शेताच्या कडेला मांडव घातलाय आणि पाटी मी रंगवली. तिथून मान वर केली की डोंगरावर घाटाची गाडी दिसते, मागे इंजिनं लावलेली. आपल्या शेंगा अजून यायच्यात, म्हणून पहिल्या रविवारी विकतच्या शेंगांची मडकी लावली, त्यातलं एक करपलं आणि पुतळाबाईनं गिऱ्हाइकाला ठणकावून सांगितलं की ते असंच असतं. आम्हाला दोघींना त्या दिवशी पोट धरून हसायला झालं. बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा तशी हसले. म्हणजे मलाही मागून कुणीतरी लावलं आहे, हे तुझ्या लक्षात यावं.

आता ज्यासाठी एवढा कागद भरला ते. संक्रांतीच्या संध्याकाळी, तुझी तिकडे सकाळ होती, तू बाबांना व्हिडिओवर यार्डातलं इंजिन दाखवलंस आणि "हा कामावरचा सायलस" म्हणालीस. आठवतं ना, बाबांनी दोन स्टीलचे पेले आणि लाटणं घेऊन त्याला बँकर समजावून सांगितला. त्यानं सांगितलं, आमच्याकडे मागच्या इंजिनात माणूसच नसतो, ते पुढूनच चालतं. बाबांचा चेहरा पडला. "मागं माणूस नाय? मग धक्का कुनाला कळतो?" तू ते त्याला इंग्रजीत सांगितलंस. तो हसला नाही. म्हणाला, कुणालाच कळत नाही, म्हणून मी ब्रेक फार हलक्या हातानं लावतो. मग तू फोन ठेवलास, आणि पुढचं तुला आजवर ठाऊक नाही. बाबांनी पेले जागेवर ठेवले आणि मला म्हणाले, "उज्वला, चढाला कुनीबी जोर लावतं, मानूस उताराला कळतो. ह्या पोराच्या ब्रेकवर भरवसा ठेवायला हरकत नाय. हर्षूनं सांगितलं की हो म्हन." मी वाट बघत होते तू सांगायची. आता कळतंय की तू माझ्यासाठी सांगत नाहीयेस आणि माझ्यासाठीच ते मोडून येते आहेस. तर हा माझा निकाल: कायमची यायला माझी ना आहे. योगेंद्रची बायको म्हणून तू या घरात आलीस, पण त्याच्यामागे इतकी वर्षं दर रविवारी फोन करणारी माझी लेक आहे, आणि लेकीला मी ओट्यावर बसवून ठेवणार नाही. घाट संपलाय, पोरी. आता मला सोड, आणि अपराधी वाटून घेऊ नकोस, मी कर्जतलाच आहे, कुठं जात नाही. नोटीस देऊ नको, रजा टाक, आणि जानेवारीत दोघं या. वर्षाच्या आत शुभकार्य नको म्हणून चार जण नाकं मुरडतील. मुरडू देत, पोपटीला मुहूर्त लागत नाही. भांबुर्डा बांधावर आत्ताच माजलाय, मोठं मडकं मी घेऊन ठेवलंय. आणि सायलसला सांग, शेकोटीभोवती फिरून "झाली का, झाली का" विचारणाऱ्या माणसाची जागा आमच्याकडे यंदा रिकामी आहे.

तुझीच,
आई